कर्णेकाकांचे एक वाक्य

कर्णेकाकांच्या दुकानाला पाटी नव्हती. दाराच्या वर एक जुना, तोंडाशी चेपलेला कर्णा टांगलेला होता. त्यावरूनच दुकानाला आणि काकांनाही नाव पडले होते. आत वायरींची भेंडोळी, उभे करायचे माइक आणि दोरीने बांधून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या होत्या. सभा असो की निरोप समारंभ, आवाजाची आणि बसण्याची सोय तिथूनच जायची. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका समारंभात ओळख करून देणाऱ्या गृहस्थांचा घसा ऐनवेळी बसला. माइक तपासत उभ्या असलेल्या काकांच्या हातात कोणीतरी कागद कोंबला आणि म्हटले, "आता तुम्हीच वाचा."

सत्कार मुख्याध्यापकांचा होता. कागदावर 'दूरदृष्टी', 'आधारस्तंभ' आणि 'तेजस्वी' असे शब्द होते. काकांनी ते वाचून काढले, पण त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि ते म्हणाले, "सर फळा स्वतः पुसायचे. आम्हाला कधी पुसू दिला नाही. खडूची धूळ मुलांच्या छातीत जाते म्हणायचे." मुख्याध्यापकांनी आधारस्तंभ वगैरे ऐकताना जांभई दिली होती. आता ते खाली मान घालून नाक पुसत होते.

त्या दिवसापासून तो रिवाजच झाला. कागदावरची विशेषणे काका भराभर वाचत, बिलाच्या मागे छापलेल्या अटी वाचाव्यात तशी. मग चष्मा खिशात जाई आणि एक वाक्य येई. त्या माणसाबद्दलचे, चांगले, आणि काकांनी स्वतः खात्री करून घेतलेले. चष्मा निघाला की मागच्या रांगेतली कुजबुज थांबे. डॉक्टरांच्या वेळी काका म्हणाले होते, "हे आपल्याला ताटकळत ठेवतात हे खरं, पण खोटं सांगून ठेवत नाहीत. जेवत असले तर आतून ओरडतात, मी जेवतोय." लोक पोट धरून हसले, आणि डॉक्टर सगळ्यांत जास्त. एका बदनाम नगरसेवकाबद्दल काय बोलणार म्हणून लोक टपून बसले होते. काका म्हणाले, "आपल्या आजारी सासूबाईंना हे रोज सकाळी उचलून उन्हात आणून बसवतात." दुसऱ्या दिवशी दोन माणसे मुद्दाम ते पाहायला गेली. सासूबाई उन्हात बसलेल्या होत्या.

हे वाक्य मिळवण्याची काकांची पद्धत ठरलेली होती. घरच्यांना आणि कचेरीतल्यांना ते विचारत नसत. इस्त्रीवाला, ड्रायव्हर, जिना झाडणारी बाई, अशांकडे ते जात आणि हवापाण्याच्या गप्पा मारत बसत. ज्यांच्यासमोर माणूस चांगला दिसायचा खटाटोप करत नाही, तेच त्याला ओळखतात, असे त्यांचे मत होते. "आजवर रिकाम्या हाताने परत आलो नाही," असे ते बायकोला सांगत. सांगताना त्यांची मान जरा ताठ होई.

"तुमच्याबद्दल कोण सांगणार ते वाक्य?" बायको विचारी.

"तू."

"मग माइक बंद ठेवा."

असे सगळे सुखाने चालले असताना शेठचा सत्कार ठरला.

शेठ बांधकामाचे ठेकेदार होते. गावात नवे सभागृह उभे राहिले होते, त्यांनीच बांधलेले, आणि म्हणे काही खर्च त्यांनी पदरचा घातला होता. उद्घाटन आणि सत्कार एकाच संध्याकाळी होणार होता. काकांनी नेहमीप्रमाणे चौकशी सुरू केली आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. शेठनी शाळेला पंखे दिले होते खरे, पण पात्यांवर आपले नाव एवढे मोठे रंगवून घेतले होते की वीज गेली की मुले तेच वाचत बसत. दवाखान्याला खाटा दिल्या आणि त्याच महिन्यात दवाखान्याच्या कुंपणाचे काम दुप्पट दराने घेतले. इस्त्रीवाल्याने तर हातच जोडले. "काका, माझ्याकडून काही वदवू नका. ते कपडे वेळेवर नेतात, एवढं लिहून घ्या."

आणि सगळ्यांच्या मनात असलेली, पण कोणी उच्चारत नसलेली गोष्ट म्हणजे गवंडी. सभागृहाच्या गॅलरीचे काम चालू असताना परांची मोडून शेठचा जुना गवंडी खाली आला आणि मानेपासून खाली लुळा झाला. परांचीच्या फळ्या कुजल्या होत्या, हे कामावरच्या प्रत्येकाला माहीत होते. चौकशी झाली तेव्हा मात्र गवंडी घरच्या जिन्यावरून पडला असे ठरले, आणि त्याच्या बायकोने तसा जबाबही दिला. गवंड्याचे घर म्हणजे गल्लीतली एक खोली. तिला जिनाच नव्हता.

काका हताश झाले होते. एवढ्यात शेठचा ड्रायव्हर दुकानात सहज टेकला आणि बोलता बोलता म्हणाला, "दर शुक्रवारी भर दुपारी साहेब मला बाजाराच्या कोपऱ्यावर गाडी लावायला सांगतात. हातात पिशवी घेऊन एकटेच पायी जातात. तासाभराने येतात. कुठे जातात देव जाणे. आल्यावर एक अक्षर बोलत नाहीत."

शुक्रवारी काका त्या कोपऱ्यापासून मागे मागे गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. शेठ गवंड्याच्या गल्लीत शिरले. काका भिंतीच्या सावलीत थांबले, मग न राहवून खिडकीपाशी गेले.

शेठनी कोट काढून खुंटीला लावला होता आणि बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. खाटेवरच्या गवंड्याच्या मानेखाली त्यांनी उशी सरकवली, वाटीत साबणाचा फेस केला आणि त्याची दाढी करू लागले. एका हाताने गाल ताणायचा, दुसऱ्या हाताने वस्तरा चालवायचा. हात सराईत होता. आणि गवंडी त्यांना शिव्या देत होता. काकांनी आयुष्यात इतक्या शिव्या एका दमात ऐकल्या नव्हत्या. फळ्यांवरून शिव्या, पैशावरून शिव्या, आईबापांवरून शिव्या. शेठ फक्त मधूनच म्हणत, "ओठ मिट. कापेल."

शेठ गेल्यावर काका आत गेले. गवंड्याची बायको दारातच आडवी आली.

"कुठं होतात तुम्ही?"

"खिडकीशी, वहिनी."

तिचा चेहरा पांढरा पडला. काकांनी घाईने सांगितले, "घाबरू नका. मी चांगलंच बोलणार आहे. सत्काराला शेठबद्दल एक वाक्य हवं होतं, ते आज मिळालं."

"नको," ती म्हणाली. "काका, पाया पडते, हे बाहेर काढू नका."

"अहो, पण यात वाईट काय आहे?"

"चांगलं असलं म्हणून काय झालं? ते आमच्या घरातलं आहे. चारचौघांत गेलं की तो यायचा नाही."

"शेठ देतात ते पैसे थांबतील म्हणता?"

खाटेवरून गवंडी हसला. हसताना त्याचे फक्त तोंड हलत होते. "पैसे कोणीही देईल हो काका. नाही दिले तर हिचे भाऊ आहेत. आम्ही दोघं एकाच घमेल्याला हात लावून कामाला लागलो. तो वर चढत गेला, मी भिंती चढवत राहिलो. फळ्या बदल म्हणून मी त्याला तीनदा सांगितलं होतं. चार दिवस चालवून घे म्हणाला. आता आठवडाभर मी इथं छताकडे बघत शिव्या जुळवतो, आणि शुक्रवारी तो ऐकायला येतो. त्याला तरी दुसरीकडे कुठं मिळणार आहेत? आणि मी तरी कोणाला देऊ? हिला?"

"देऊन तर बघा," बायको म्हणाली.

"म्हणून सांगतो काका, शुक्रवार तेवढा सोडा."

काका म्हणाले, "बघतो." नाही बोलणार, असे ते म्हणाले नाहीत. वाटेत त्यांच्या ते लक्षात आले, पण ते मागे फिरले नाहीत.

त्या रात्रीचे जेवण त्यांना गेले नाही. बायकोने काय झाले ते काढून घेतले आणि कपाळाला हात लावला. "मग दुसरं काहीतरी म्हणा. सभागृह छान बांधलं म्हणा."

"पहिल्याच पावसात गळलं."

"शेठ उंच आहेत म्हणा."

"अगं, चांगलं वाक्य लागतं."

"उंच असणं वाईट आहे का?" मग ती गंभीर झाली. "अहो, एकदा तुमचं वाक्य पडलं तर आभाळ कोसळणार नाही. त्या माणसाचा शुक्रवार जाईल त्याचं काय?"

काकांना तिचे पटले होते. तरी आत काहीतरी टोचत होते, आणि त्याला ते स्वतः 'सत्य' असे नाव देत होते. माणसाला आपल्या हट्टाला चांगले नाव द्यायला फार वेळ लागत नाही. पैसा जमवणारा त्याला दूरदृष्टी म्हणतो, खुर्चीला चिकटलेला त्याला सेवा म्हणतो. काकांनी दोघांनाही व्यासपीठावर पाहिले होते आणि ते मनातल्या मनात हसले होते. आपणही त्याच व्यासपीठावर उभे असतो हे मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसे.

सत्काराच्या सकाळी समितीचे चिटणीस टंकलेला कागद घेऊन आले. "काका, या खेपेला तुमचं ते वाक्य आधी दाखवायचं."

"का?"

"शेठ नाजूक आहेत."

"मग त्यांना जपून ठेवा, सत्कार कशाला करता?"

"चेष्टा नको. काही वेडंवाकडं बोललात तर पुढच्या समारंभांना खुर्च्या दुसरीकडून मागवाव्या लागतील. मला वाईट वाटेल."

"तुम्हाला वाईट वाटू नये असंच बोलेन," काका म्हणाले. आणि तसेच ठरवले होते त्यांनी. शेठ दिलेल्या वेळेला येतात, एवढेच म्हणायचे. खरे होते, खात्री केलेली होती आणि निरुपद्रवी होते.

संध्याकाळी सभागृह गच्च भरले. वर गॅलरीतही माणसे दाटली होती, आणि कठड्याला रेलून ती खाली पाहत होती. गवंडी पडला तो इथूनच. काकांनी नजर खाली घेतली. शेठ मधल्या खुर्चीत ताठ बसले होते. नवा कोट, गुळगुळीत दाढी. त्यांच्या हातांकडे काकांचे लक्ष पुन्हा पुन्हा जात होते.

कागद वाचून झाला. दानशूर, कर्मवीर, शिल्पकार. काकांनी चष्मा काढला. पाणी ओतणाऱ्या माणसाने जग तसाच हातात धरून ठेवला.

"शेठ," काका म्हणाले, "दिलेल्या वेळेला येतात."

क्षणभर कोणाला कळलेच नाही की वाक्य संपले. मग कोणीतरी फिसकन हसले. हसू रांगारांगांतून पसरत गेले. शेठही ओठ ताणून हसले. आणि गॅलरीतून एक आवाज आला, फारसा मोठा नाही, पण सभागृहात आवाज चांगला घुमत होता.

"काय काका, तुम्हालाही घेतलं का विकत?"

काकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. इतक्या वर्षांत असे कोणी त्यांना म्हटले नव्हते. चष्मा अजून त्यांच्या हातात होता. तो डोळ्यांवर चढवायचा आणि पुढच्या वक्त्याचे नाव घ्यायचे, एवढेच उरले होते. समोरच्या रांगेत बायको बसली होती. तिने मान हलवली. नको.

"थांबा," काका माइकमध्ये म्हणाले. "मी अजून बोललोच नाही."

हसू थांबले.

"एक माणूस खाटेला खिळलेला आहे. त्याचे हात चालत नाहीत. शेठ दर आठवड्याला एकटे, पायी त्याच्या घरी जातात आणि आपल्या हाताने त्याची दाढी करतात. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कोणाला दाखवण्यासाठी नव्हतं ते."

नाव घेतले नाही, परांचीचा शब्द काढला नाही. काकांना वाटले होते, एवढे गाळले की पुरे. पण खाटेला खिळलेला माणूस गावात एकच होता. डोकी एकेक करून वर, गॅलरीकडे वळली. कठड्याला रेललेली माणसे नकळत मागे सरकली. शेठच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले, पण त्या हसण्यामागे कोणी उरले नव्हते.

"तो पडला कुठून, तेही सांगा की!" मघाचाच आवाज ओरडला. "जिन्यावरून?"

खुर्च्या करकरल्या. काही जण उभे राहिले. चिटणीस काकांच्या हातून माइक घ्यायला धावले, पण त्याआधीच शेठ उठून आले होते. ते काकांच्या इतके जवळ उभे राहिले की साबणाचा वास यावा. गवंड्याच्या वाटीतला तोच साबण होता. माइकवर हात ठेवून ते फक्त काकांना ऐकू जाईल असे म्हणाले, "तेवढंच एक ठिकाण होतं मला." मग त्यांनी माइक तोंडाशी घेतला, आणि त्यांचा आवाज एकदम भरदार झाला.

"तो माझा जुना सोबती आहे! त्याच्या दुर्दैवाने मी व्यथित आहे. आज या व्यासपीठावरून जाहीर करतो, त्याचा सगळा खर्च यापुढे माझी संस्था उचलेल. दरमहा. जन्मभर!"

आधी पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. ओरडणारा माणूसही थोडा वेळ थांबून टाळ्या वाजवू लागला असावा, कारण पुन्हा त्याचा आवाज आला नाही. दुर्दैव. त्या एका शब्दात फळ्याही गेल्या आणि जिनाही.

घरी जाताना लोक काकांचे हात हातात घेत होते. "काका, कमाल केलीत. त्याला बरोबर अडकवलंत. आता पैसे बंद करायची छाती आहे का त्याची?" काकांनाही ते पटत होते. बायको मात्र दोन पावले पुढे चालत होती.

"अगं, जन्मभराची सोय झाली त्यांची," काका मागून म्हणाले.

"तुमचीही झाली," ती वळून न पाहता म्हणाली. "वाक्य पडलं नाही."

शुक्रवारी दुपारी काका बाजाराच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. गाडी आली नाही. पुढच्या शुक्रवारीही आली नाही. मग वर्तमानपत्रात फोटो आला. मध्ये खाट, एका बाजूला हसणारे चिटणीस, दुसऱ्या बाजूला हातात धनादेश धरलेली गवंड्याची बायको. तिचे डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते. शेठ फोटोत नव्हते. खाली त्यांचे नाव मात्र होते, पंख्याच्या पात्यावर असावे तसे ठळक.

त्याच दुपारी काका त्या खोलीत गेले. वहिनीने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. गवंडी तुळतुळीत दिसत होता. गालांना अत्तराचा वास येत होता.

"या काका," तो म्हणाला. "न्हावी पाठवतात हल्ली. संस्थेकडून. फार चांगला हात आहे त्याचा. शेठसारखा खरबरीत नाही."

"मग बरं आहे ना?" काकांचा आवाज त्यांनाच बारीक वाटला.

"बरं आहे. दाढी बरी होते." तो छताकडे पाहत राहिला. "पण त्याला शिव्या कशा देऊ? त्या बिचाऱ्यानं माझं काय केलंय?"

इतकी वर्षे माणसांतले चांगले शोधून ते उजेडात आणणे म्हणजे त्यांच्यावर उपकार करणे, असे काकांना वाटत आले होते. उजेडात आणल्यावर त्याचे पुढे काय होते, हे पाहायला ते कधी परत गेले नव्हते. मुख्याध्यापकांनी त्या समारंभानंतर फळा पुसला का, सासूबाई अजून उन्हात बसतात का, की आता पाहणारे आले की बसतात.

"मी कार्यक्रम सोडले," ते अखेर म्हणाले. "खुर्च्या देईन. माइकवर उभा राहणार नाही."

"त्यानं काय होणार?" वहिनी पाठमोरीच म्हणाली. "तुमचं मन हलकं. आणखी?"

बाहेर गल्लीत ऊन पांढरे पडले होते. मग गवंडी म्हणाला, "काका, शुक्रवारी दुकान किती वाजेपर्यंत असतं?"

"दुपारी बंदच असतं."

"वस्तरा धरता येतो?"

"स्वतःची करतो."

"मग न्हाव्याला नको म्हणून सांगा, आणि तुम्ही या." त्याने डोळे त्यांच्याकडे वळवले. त्यांत थट्टा होती की राग, ते काकांना कळले नाही. "तुम्हाला द्यायला माझ्याकडे पुष्कळ आहेत. शेठला द्यायच्या त्याही उरल्यात."

पुढच्या शुक्रवारी काका गेले. वहिनीने दार उघडले, त्यांच्याकडे पाहिले आणि बाजूला झाली. कोनाड्यातल्या वाटीत जुना ब्रश तसाच होता. काकांनी बाह्या सारल्या, मानेखाली उशी सरकवली, पण ती वाकडी बसली. फेस पातळ झाला. चष्मा घसरायला लागला म्हणून त्यांनी तो काढून खिशात घातला.

"हां," गवंडी म्हणाला, "चष्मा काढलात. आता मी बोलतो."

आणि त्याने सुरुवात केली. काका गाल ताणून, हात न हलू देता ऐकत राहिले.